पेटी न उघडता काढलेली तीन वर्षं

माझ्या कणभौतिकीतल्या पीएचडीच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आलेख जवळजवळ तीन वर्षं मी मधोमध कोराच बघितला. शोधत असलेला कण असेल तर जिथे दिसेल, त्या कोऱ्या ठेवलेल्या चौकोनाला आमच्यात 'बॉक्स' म्हणतात. त्यात काय आहे ते डिस्कवर कधीच नोंदलं गेलं होतं. माझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ काढली असती तर दोन मिनिटांत दिसलं असतं. कुणी कुलूप घातलेलं नव्हतं. पण ती ओळ काढायची नाही, कारण एकदा आतलं दिसलं की त्यानंतरचा प्रत्येक निर्णय त्या दिसण्याकडे झुकतो. मनात खोट नसली तरी झुकतो. सुरुवातीला हे मला नुसतं पुस्तकातलं तत्त्व वाटायचं. ते किती खरं आहे, ते मला पुढे एका उंचवट्याने शिकवलं.

जपानमध्ये त्सुकुबाला केईके ही संशोधनसंस्था आहे. तिथे जमिनीखाली तीन किलोमीटर परिघाच्या बोगद्यात सुपरकेईकेबी हा कोलायडर, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र, चालतो. एका कड्यातून 7 जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात, शेजारच्या कड्यातून उलट दिशेने 4 जीईव्हीचे पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, आणि एकाच जागी त्यांची टक्कर होते. ती जागा म्हणजे 'बेल टू' या 1,400 टनी डिटेक्टरचा मध्य. टक्करीची ऊर्जा 10.58 जीईव्हीवर बेतलेली असते. तेवढ्या ऊर्जेत एक बी मेसॉन (बॉटम नावाचा जड क्वार्क असलेला कण) आणि एक प्रति-बी मेसॉन जेमतेम तयार होतात आणि हाती जवळपास काही उरत नाही. आमच्यासाठी हेच मोठं सुख. प्रोटॉनांच्या टक्करीत शेकडो कण उधळतात आणि सुरुवातीला नेमकी किती ऊर्जा होती हे कळत नाही. इथे मात्र जमाखर्चाची वही पहिल्या पानापासून उघडी असते.

बी मेसॉन सुमारे दीड पिकोसेकंद जगतो. दोन कड्यांतली ऊर्जा वेगळी ठेवल्यामुळे तो तेवढ्या वेळात थोडा पुढे सरकतो, सरासरी 130 मायक्रॉन. मग त्याचा क्षय होतो. क्षयाचे शेकडो मार्ग आहेत. मला हवा होता तो असा: बी मेसॉनमधून एक के मेसॉन (स्ट्रेंज क्वार्क असलेला हलका कण) आणि त्याच्या जोडीला एक असा कण, जो आजवर कुणी पाहिलेला नाही.

अशा कणाची शंका तरी का घ्यायची? विश्वात साध्या पदार्थाच्या पाचपट कृष्णपदार्थ आहे, पण तो आपल्या पदार्थाशी गुरुत्वाकर्षणाखेरीज कसा बोलतो, बोलतो तरी का, हे ठाऊक नाही. दोघांमध्ये निरोप्यासारखा एखादा हलका कण असेल आणि तो हिग्ज बोसॉनमध्ये, म्हणजे मूलकणांच्या वस्तुमानाशी जोडलेल्या कणात, किंचित मिसळत असेल, अशी एक कल्पना आहे. हिग्ज जितक्या जड कणाला भेटतो तितका घट्ट जोडला जातो. आता बी मेसॉनमधला बॉटम क्वार्क जेव्हा स्ट्रेंज क्वार्कमध्ये बदलतो, तेव्हा मधल्या फेऱ्यात क्षणभर टॉप क्वार्क येऊन जातो. टॉप हा आपल्याला माहीत असलेला सगळ्यात जड मूलकण. म्हणजे निरोप्या कुठून बाहेर पडायची शक्यता सर्वांत जास्त असेल, तर याच फेऱ्यातून. या फेऱ्याच्या आकृतीला 'पेंग्विन' म्हणतात. 1977 साली जॉन एलिस पैज हरले आणि पुढच्या शोधनिबंधात तो शब्द घालणं त्यांना भाग पडलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं.

आणि एक जुनी गोष्ट होती, जी वाचून मी या विषयाकडे ओढले गेले. 2005 साली अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या हायपर-सीपी प्रयोगाने सिग्मा या कणाच्या एका अतिदुर्मीळ क्षयाच्या तीन घटना जाहीर केल्या. तिन्हींत म्युऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांची, जोडी होती आणि तिन्हींत त्या जोडीचं वस्तुमान एकाच ठिकाणी, 214 एमईव्हीच्या (जीईव्हीचा हजारावा भाग, कणांचं वस्तुमानही यातच सांगतात) आसपास येत होतं. फक्त तीन घटना. पण तिन्ही एकाच जागी का? त्या तीन ठिपक्यांनी जगभरच्या गटांना कामाला लावलं. बेल टूच्या आधीच्या बेल प्रयोगाच्या डेटात 2010 साली तोच कण बी मेसॉनच्या क्षयात शोधला गेला, मिळाला नाही. 2018 मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने सिग्माचा तोच क्षय तपासला, तिथेही त्या जागी शिखर नव्हतं. तीन ठिपक्यांनी तेरा वर्षं खाल्ली असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. ते तपासलं गेलं, नीट तपासलं गेलं, आणि म्हणूनच आज त्याबद्दल ठामपणे बोलता येतं.

माझा कण आणखी एका बाबतीत वेगळा होता. तो सावकाश मरणारा होता. जोडणी फार क्षीण असेल तर कण लगेच फुटत नाही, काही मिलिमीटर किंवा काही सेंटिमीटर जातो आणि मग दोन म्युऑन देतो. डिटेक्टरमध्ये ते असं दिसतं: टक्करीच्या जागेपासून दूर, जिथे काहीच असायला नको अशा जागी, अचानक दोन माग सुरू होतात. याचा फायदा मोठा. बी मेसॉनचा के आणि दोन म्युऑनमध्ये होणारा एक ओळखीचा क्षय आहे, साधारण वीस लाखांत एकदा होणारा, आणि शेवटी उरणारे कण अगदी हेच असतात. पण त्यातले म्युऑन बीच्या स्वतःच्या जागेवरूनच निघतात. 'दूर सुरू झालेले माग हवेत' एवढी एक अट घातली की तो सगळा बाजूला होतो.

पहिलं वर्ष खऱ्या डेटाला हात न लावता गेलं. संगणकावर खोटे बी मेसॉन तयार करायचे, त्यांचा क्षय घडवायचा, त्यातले कण डिटेक्टरच्या प्रत्येक थरातून सोडायचे आणि कुठल्या तारेत, कुठल्या पट्टीत काय नोंद झाली असती ते काढायचं. कणांचे माग टिपणाऱ्या मधल्या ड्रिफ्ट चेंबरमध्येच 14,336 संवेदक तारा आहेत, 56 थरांत ताणलेल्या. त्याच्या आत सिलिकॉनचे थर. त्यातल्या एका थराच्या पट्ट्या मुंबईच्या टीआयएफआरच्या गटाने जोडल्या होत्या. सिम्युलेशनमध्ये त्या थराचा क्रमांक आला की मला बरं वाटायचं, हे कबूल करते.

बॅकग्राउंड, म्हणजे आपला सिग्नल नसून तसा दिसणारा कचरा, तीन जातींचा निघाला. पहिल्या जातीवर फार बोलण्यासारखं नाही. टक्करीत प्रत्येक बी-जोडीमागे तीनहून जास्त वेळा हलक्या क्वार्कांच्या जोड्या तयार होतात. त्यांचे कण दोन फवाऱ्यांसारखे समोरासमोर जातात, तर एकमेकांच्या तुलनेत जवळपास न हलणाऱ्या बींचे कण चहूकडे विखुरतात. आकारावरून दोघांना वेगळं करणारं मशीन लर्निंग आता सगळेच वापरतात, मीही वापरलं.

दुसरी जात मला आवडली. दूरवर सुरू झालेल्या सगळ्या मागांच्या आरंभबिंदूंचा मी एक नकाशा काढला, आडव्या छेदात. ठिपक्यांमधून वर्तुळं उमटली. मध्यभागाभोवती एक लहान, बारीक, गर्द कडं, ते बीमपाइप, म्हणजे ज्या नळीत टक्कर होते ती. त्याच्या बाहेर सिलिकॉनच्या पट्ट्या, एकमेकींवर किंचित चढलेल्या, पंख्याच्या पात्यांसारख्या. कण त्या धातूवर आणि सिलिकॉनवर आपटून नवे माग सुरू करत होते आणि आपटण्याच्या जागांनी डिटेक्टरने स्वतःचंच चित्र काढून ठेवलं होतं. एका ठिकाणी पट्टीच्या कडेला आधाराचा तुकडा होता, तोसुद्धा दिसत होता. मी तो नकाशा बराच वेळ बघत बसले. मग त्या सगळ्या जागा वगळायची अट लिहिली.

तिसरी जात म्हणजे के-शॉर्ट, के मेसॉनचा एक प्रकार.

बॉक्स झाकलेला असला तरी त्याच्या कडेचा भाग बघायला परवानगी असते, त्याला साइडबँड म्हणतात. तिथल्या कणांच्या ऊर्जेची बेरीज बी मेसॉनशी जुळत नाही, म्हणून तिथे फक्त कचराच असायला हवा, आणि आत किती कचरा असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. खऱ्या डेटातला साइडबँड मी पहिल्यांदा काढला आणि म्युऑन-जोडीच्या वस्तुमानाचा आलेख लावला. 460 एमईव्हीच्या जरा अलीकडे उंचवटा होता. सिम्युलेशनमध्येही तिथे काहीतरी होतं, पण निम्म्याहून कमी.

डेटात जास्त, सिम्युलेशनमध्ये कमी. रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि माझे हात थंड पडले. नवा कण बी मेसॉनच्या दुसऱ्या कुठल्या क्षयातून येत असेल तर तो साइडबँडमध्येही दिसेल, हे मला लगेच सुचलं. पाठोपाठ तसं का असू शकतं याची आणखी दोन कारणं सुचली. तासाभरात माझ्याकडे एक अख्खी कहाणी तयार होती. त्या तासात मी त्या उंचवट्याविरुद्ध एकही प्रश्न विचारला नव्हता. वर झुकण्याबद्दल म्हटलं ते हेच.

सकाळी मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, आलेख दाखवला. त्यांनी उंची बघितलीच नाही, आकार बघितला. म्हणाल्या, "उजवीकडे हा कड्यासारखा तुटतोय आणि डावीकडे घसरत जातोय. कण असा दिसतो का गं? दोन्ही मागांना पायॉनचं वस्तुमान देऊन बघितलंस?"

बघितलं नव्हतं. पाच मिनिटांत बघितलं. अख्खा उंचवटा उचलला गेला आणि 498 एमईव्हीवर एका सुईसारख्या शिखरात गोळा झाला. के-शॉर्टचं वस्तुमान 497.6. तो सरासरी 2.7 सेंटिमीटरच्या हिशेबाने जगतो, म्हणजे दूर जाऊन दोन माग देणारा, माझ्या कणाचा हुबेहूब भाऊ. फक्त त्याचे दोन माग पायॉनचे, म्हणजे सगळ्यात हलक्या मेसॉनचे, असतात. पायॉनचं वस्तुमान 139.6, म्युऑनचं 105.7. दोघे इतके जवळचे की कमी वेगाला डिटेक्टरची गफलत होते. म्युऑन ओळखायचे बाहेरचे थर गाठण्याइतकी ऊर्जाच त्यांच्यात नसते. शिवाय काही पायॉन वाटेतच म्युऑनमध्ये बदलतात. पायॉनला म्युऑन समजून हिशेब केला की जोडीचं वस्तुमान कमी येतं. दोन पायॉनांनी वेग निम्मा-निम्मा वाटून घेतला असेल तर ते घसरून 463 वर थांबतं, वाटणी विषम असेल तर आणखी खाली जातं. म्हणून उजवीकडे कडा आणि डावीकडे उतार. मी वहीत ते दोन ओळींचं गणित केलं आणि 463 हा आकडा आला, तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एखाद्या गोष्टीचा आकार आधी गणितात आणि मग डेटात तंतोतंत दिसतो, त्याचं समाधान वेगळंच असतं.

सिम्युलेशनमध्ये तो लहान का होता, तर गफलतीचं प्रमाण तिथे कमी धरलं गेलं होतं. ते दुरुस्त करण्यात चार महिने गेले.

त्यानंतर के-शॉर्ट माझा सोबती झाला. दूरवर सुरू होणारे माग आपला डिटेक्टर किती टक्के पकडतो, हे नुसत्या सिम्युलेशनला विचारून चालत नाही. ते खऱ्या डेटात मोजायला असा कण लागतो जो नक्की अस्तित्वात आहे आणि दूर जाऊन फुटतो. ज्याने मला फसवलं तोच माझी मोजपट्टी बनला. मध्यापासूनच्या अंतराप्रमाणे लाखो के-शॉर्ट मोजले, डेटातले आणि सिम्युलेशनमधले, आणि दोन्हींच्या फरकातून दुरुस्ती काढली. म्युऑन ओळखण्यातली चूक मोजायला जे-साय हा कण वापरला. तो 3,097 एमईव्हीवर दोन म्युऑन देतो आणि 1974 पासून सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

याच्या आधीची एक रात्र सांगायची राहिली. 2022 च्या जूनमध्ये मी त्सुकुबाला शिफ्टवर होते. लांबच्या बंदकाळाआधीचे शेवटचे दिवस होते आणि यंत्राकडून जितकं निघेल तितकं काढत होते. त्याच महिन्यात कोलायडरने 4.7 × 10³⁴ (दर चौरस सेंटिमीटर, दर सेकंद) इतक्या ल्युमिनॉसिटीचा, म्हणजे टक्करी किती दाट होतात त्या मापाचा, तेव्हाचा विक्रम केला. तो आकडा माझ्या मनात उतरत नव्हता, म्हणून शिफ्टमध्ये कागदावर गुणाकार केला: सेकंदाला सुमारे पन्नास बी-जोड्या. पडद्यावर एकेका घटनेचं चित्र येत होतं, वळलेले माग, रंगीत ठोकळे, आणि पुढच्या क्षणी दुसरी घटना. त्यातल्या एखाद्या चित्रात तो कण असेल आणि मी त्याच्याकडे बघत असेन, असा विचार आला. कोलायडरच्या शिफ्टमधल्या वयस्क ऑपरेटरांना मी मोडक्या जपानीत विचारलं, इतकी वर्षं हे बघून कंटाळा येत नाही का? त्यांनी मान हलवली आणि ल्युमिनॉसिटीच्या रेषेकडे बोट दाखवलं. ती एका केसाने वर चढली होती.

2019 ते 2022 मधल्या त्या डेटात सुमारे 38 कोटी 70 लाख बी-जोड्या होत्या. सगळ्या अटी ठरल्या, गोठवल्या, आणि सव्वाशे पानांची टिपणी लिहून मी अंतर्गत तपासणी समितीकडे दिली. तिघांची समिती, तीन वेगळ्या देशांतली. त्यांचे प्रश्न सात महिने चालले. काही प्रश्न मला छळवाद वाटले, आणि नेमके तेच पुढे उपयोगी पडले. एकांनी विचारलं, वस्तुमानाच्या पट्ट्यात तुम्ही किती ठिकाणी बघणार? मी म्हटलं, शेकडो. मग त्यातल्या एखाद्या ठिकाणी निव्वळ योगायोगाने चांगलंसं शिखर दिसण्याची शक्यता किती, ती आत्ता काढा, बॉक्स उघडल्यावर नाही. ते काढायला सहा आठवडे लागले. बॅकग्राउंडमुळेच आत दोन-तीन घटना दिसाव्यात, हेही आम्ही आकड्यानिशी आधी लिहून दिलं.

परवानगीचं पत्र दुपारी आलं. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचं ठरवलं, मॅडम, मी आणि आमच्या गटातला पहिल्या वर्षाचा मुलगा. रात्री मला झोप लागली नाही. सकाळी ओळ काढली, प्रोग्रॅम चालवला. मॅडमनी खुर्ची ओढली नाही, उभ्याच राहिल्या.

तीन ठिपके.

एक 800 एमईव्हीच्या पुढे, दोन खूप वर, एकमेकांपासून लांब. कुठेही गर्दी नाही. आम्ही लिहून दिलं होतं तसंच. मॅडम म्हणाल्या, "तिन्हींची चित्रं काढ." काढली. पहिल्यात आरंभबिंदू बीमपाइपच्या भिंतीच्या अगदी कडेला होता, माझ्या वगळलेल्या कड्याच्या केसभर बाहेर. हात शिवशिवले, अट एक मिलिमीटर सरकवली असती तर तो गेला असता. सरकवली नाही. मुलाने विचारलं, "ताई, आता का नाही सरकवायची? तो कचरा आहे हे दिसतंय की." त्याला म्हटलं, तो माझ्या आवडीच्या जागी असता तर आपण त्याची चौकशी इतकी केली असती का? तो ठिपका निबंधात आहे, जसा आला तसा.

मग शिखर नाही म्हणजे किती नाही, ते मोजायचं. हा भाग बाहेरच्यांना समजावताना मला नेहमी जास्त वेळ लागतो. 'मिळाला नाही' एवढं म्हणून आम्हाला थांबता येत नाही. प्रत्येक वस्तुमानाला आणि प्रत्येक आयुष्याला वेगळं सांगावं लागतं की असा कण असेल तर तो बी मेसॉनच्या काही कोटी क्षयांत एकाहून जास्त वेळा येत नाही, आणि हे आम्ही 90 टक्के खात्रीने म्हणतो. हे आकडे जोडले की आलेखावर एक वळण तयार होतं. वळणाच्या वरचा भाग आपण रंगवतो, तिथे आता कुणी सिद्धांत मांडायचा नाही. खालचा भाग पांढरा राहतो. माझ्या वळणाने आधीच्यांच्या कामापुढे काही कोपऱ्यांत थोडी पांढरी जमीन रंगवली. थोडीच, पण तिथे आता दुसऱ्या कुणाला पुन्हा खणायला नको.

त्या आलेखात तीन उभ्या पट्ट्या कोऱ्या आहेत. वरच्या दोन जे-साय आणि त्याच्या भावंडाच्या, तिथे ओळखीच्या कणांचीच इतकी गर्दी असते की नवा दिसणार नाही. तिसरी 463 च्या डावीकडे, के-शॉर्टला बाहेर ठेवताना मी स्वतः झाकलेली. नवा कण नेमका तिथे असेल तर माझ्या कामाने तो दिसला नसता.

तो पहिल्या वर्षाचा मुलगा आता तिसऱ्या वर्षात आहे आणि म्युऑनऐवजी इलेक्ट्रॉनच्या जोड्या घेऊन हेच करतोय. हिग्जसारखा वागणारा कण इलेक्ट्रॉनांत क्वचितच फुटेल, पण दुसऱ्या जातीचा फुटू शकतो. पायॉनला इलेक्ट्रॉन समजून हिशेब केला तर के-शॉर्टची कडा 463 वर येत नाही, 412 वर येते. म्हणजे त्याची कोरी पट्टी माझ्या पट्टीच्या डावीकडे पडते आणि मी झाकलेला बराचसा भाग त्याला उघडा आहे. गेल्या आठवड्यात त्याने साइडबँडचा पहिला आलेख पाठवला. 412 च्या अलीकडे उंचवटा होता, उजवीकडे कड्यासारखा तुटलेला. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, "पायॉनचं वस्तुमान देऊन बघितलंय." त्याचा बॉक्स अजून बंद आहे.